आमी न्हाई म्हन

डार्मश्टाट, २० एप्रिल

ती. आप्पा,

यशवंत तुम्हाला आप्पा म्हणायचा असं त्याच्या बहिणीने, लताताईंनी सांगितलं, म्हणून मीही तेच लिहिते. मी त्याला अरे-तुरे करायचे, लग्नाआधीपासून. पत्रात तसंच येईल. राग मानू नका.

त्या दिवशी लताताईंनी फोन तुमच्या हातात दिला आणि तुम्ही विचारत राहिलात. मी गप्प. फोन कट झाला असं वाटून तुम्ही हॅलो हॅलो म्हणालात. फोन चालू होता. मला बोलता येत नव्हतं, एवढंच. तुम्ही रोज चष्मा लावून पेपर वाचता असं ताई म्हणाल्या, म्हणून उत्तरं लिहून पाठवते.

कसा गेला, हे विचारलंत. मार्चमधल्या एका शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर तो ट्रॅमच्या स्टॉपवर उभा होता. तिथे खाली बसला, मग आडवा झाला. लोकांना वाटलं चक्कर आली. अँब्युलन्स लगेच आली, पण हृदय थांबलं होतं. आधी कधीही काही त्रास नव्हता. सकाळी शमिकाला शाळेत सोडताना त्याने तिच्याशी सायकलची शर्यत लावली होती. शमिका म्हणजे आमची मुलगी. नऊ वर्षांची आहे.

जवळ कोण होतं? ओळखीचं कुणी नव्हतं. एक बाई होती, तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि आपला कोट त्याच्या अंगावर घातला. नंतर ती मला येऊन भेटली. तो काहीतरी बोलत होता, म्हणाली, पण जर्मन नव्हतं. काय बोलला ते तिला सांगता येईना. मी तिला कॉफी दिली. ती रडली. मी तिला टिशू आणून दिले.

जेवला होता का? हो. डब्यात पोळी आणि मेथीची भाजी होती. डबा रिकामा होता.

आता तुम्ही न विचारलेलं सांगते. त्याचा फोन मी बंद केला नव्हता. गेल्या रविवारी सकाळी वाजला. वर नाव होतं ‘सर्व्हिस पुणे’. रविवारी कसली सर्व्हिस म्हणून मी उचलला. तुम्ही म्हणालात, “झोपलास काय रं? किती दिस झालं, फोन न्हाई काय न्हाई.” मी म्हटलं, “ते बाहेर गेलेत.” मी आयुष्यात कधी त्याला ‘ते’ म्हटलं नव्हतं. तुमचा आवाज ऐकून तोंडातून निघालं. तुम्ही पटकन फोन ठेवलात. मी कोण, तेसुद्धा विचारलं नाहीत. दिवसभर मी स्वयंपाकघरात बसून होते. संध्याकाळी मीच उलटा फोन केला आणि लताताईंनी उचलला.

बारावीत असताना आई-वडील बसच्या अपघातात गेले, असं त्याने मला सांगितलं होतं. मी कधी खोदून विचारलं नाही. गेलेल्या माणसांबद्दल खोदून विचारू नये असं आमच्या घरात मानतात. त्याला जाळलं तेव्हा त्याच्या ऑफिसमधले लोक होते, इथले काही मराठी लोक होते, पुण्याहून आलेली माझी आई होती. तुम्हाला कळवलं नाही, कारण तुम्ही नव्हतात.

पुढचं आज लिहवत नाही.

ईप्सिता


डार्मश्टाट, १९ मे

ती. आप्पा,

रविवारी तुम्ही फोनवर बोललात, मी ऐकलं. आता लिहून बघते, म्हणजे मी नीट ऐकलं का ते तुम्हीच सांगाल.

तुम्ही म्हणालात की यशवंत इंजिनिअरिंगला पुण्यात आला तेव्हा तुम्ही त्याचं सामान घेऊन आला होतात. खोली ठरलेली होती. घरमालकीण चांगली होती, तिने चहा दिला आणि तुम्हाला विचारलं, काय करता आपण? तुम्ही सांगितलंत, चपला करतो, आमचं घरचंच काम आहे. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे नात्यातलं कुणीतरी राहायला येणार असल्याचं निघालं. त्यानंतर तुम्ही कधी त्याच्या खोलीवर गेला नाहीत.

मग माझं नाव निघालं. तो तुम्हाला म्हणाला, मी तिला सगळं सांगणार आहे. तेव्हा तुम्ही एकटेच पुण्याला येऊन आमच्या सोसायटीसमोर उभे राहिलात. माझी आई देवळातून येताना तुम्हाला दिसली. परत जाऊन तुम्ही त्याला म्हणालात, “नगं सांगू. आमी न्हाई म्हन.”

मला वाटत होतं, त्याने आपल्याच मनाने तुम्हाला मेलेलं ठरवलं. म्हणून महिनाभर मी त्याच्यावर रागावले होते. मेलेल्या माणसावर रागवायला एक बरं असतं, करायला काहीतरी मिळतं. आता तेही नाही. तो दरवर्षी कंपनीच्या पुण्यातल्या कामासाठी म्हणून जायचा, तेव्हा तुमच्याकडे असायचा. शमिकाचे सगळे फोटो तुमच्याकडे आहेत. तुम्हाला तिचा पडलेला दातसुद्धा माहीत आहे. मला तुमचं नाव फक्त त्याच्या पासपोर्टवरून माहीत होतं. विष्णू.

मी काय काम करते ते त्याने तुम्हाला सांगितलं होतं का? जपानचा इतिहास, एवढंच सांगितलं असेल. मी फ्रँकफर्टला शिकवते. जपानमध्ये सरंजामदारांचं राज्य होतं तेव्हाचे लोक कसे राहायचे, कोण कुणाच्या वर आणि कोण खाली, हा माझा विषय. विद्यार्थी तलवारी बघायला येतात. पहिल्या तासाला मी फळ्यावर काढून दाखवते: वर सामुराई, मग शेतकरी, मग कारागीर, शेवटी व्यापारी. मग सांगते की ज्यांच्यावर मी काम करते ते यात कुठेच नाहीत. त्यांना कावाता म्हणायचे. मेलेली जनावरं ओढून न्यायची, कातडं कमवायचं, सरदाराला चामडं पुरवायचं. चिलखत, खोगीर, देवळातला ढोल, सगळं त्यांच्या हातचं. पण शेतकऱ्याच्या दारात गेले तर उंबऱ्याबाहेर थांबायचं. गावाच्या नोंदीत त्यांना सगळ्यात शेवटी घ्यायचे, किंवा वेगळ्या वहीत. दीडशे वर्षांपूर्वी सरकारने हुकूम काढला की आता कुणी कावाता नाही, सगळे सारखे. त्यानंतरही लोक लग्न ठरवताना गुपचूप माणूस लावून काढायचे, मुलीचं मूळ गाव कुठलं, आजोबा काय करायचे. मग पुष्कळ जण गाव सोडून शहरात गेले आणि मुलांना काही सांगायचं नाही असं ठरवून राहिले.

हे सगळं मी जेवणाच्या टेबलावर रोज बोलायचे, आप्पा. अकरा वर्षं. तो भात कालवत ऐकायचा. एकदा त्याने विचारलं, “ते चामडं कमवायला काय वापरायचे?” मी म्हटलं, नदीत भिजवायचे, मग मीठ आणि मोहरीसारखं एक तेल चोळायचे. “मीठ? बाभळीची साल नाही? हिरडा नाही?” मी म्हटलं, बाभूळ कुठून आणली तू? म्हणाला, “असंच.” आणि ताट उचललं.

आणखी एकदा म्हणाला, “मग पत्ता बदलला की झालं?” मी म्हटलं, नाही ना, तेवढ्यावर भागत नाही, हाच तर माझा मुद्दा आहे. खूप वेळ बोलले असेन. तो म्हणाला, “चांगलं लिही.”

आईला सांगितलं. ती अजून इथेच आहे. ती भांडी पुसत होती, पुसतच राहिली. म्हणाली, “पोवार आडनाव म्हटल्यावर आपण मराठाच समजलो ना. मराठा म्हणूनसुद्धा मी किती दिवस जेवले नव्हते, आठवतंय?” मग म्हणाली, “मला एकदा तरी वाटायला हवं होतं. माणसं बोलण्यावरून कळतात.” मी विचारलं, काय कळतं? तिने पुढचं भांडं उचललं. दुसऱ्या दिवशी तिने यशवंतच्या फोटोला रोजच्यासारखं फूल वाहिलं. मी बघत होते, वाहते का ते. असं बघत राहणं मला आवडलं नाही.

एक विचारायचं आहे. इथे अस्थी घरी ठेवू देत नाहीत. एक तर इथल्या दफनभूमीत पुरायच्या, नाही तर कागदपत्रं करून देशाबाहेर न्यायच्या. मी मुदत वाढवून घेतली आहे. तुम्ही म्हणाल तसं करीन.

ईप्सिता


डार्मश्टाट, २३ जून

ती. आप्पा,

अस्थींबद्दल तुमचं उत्तर ताईंनी कळवलं. “तिथंच ऱ्हाऊ द्या. हिकडं आणलं की पुण्याला कळनार, मंडळींना कळनार. त्यानं एवढं जपलं ते जपा.” ठीक आहे, असं मी ताईंना म्हटलं होतं.

पण मधे एक गोष्ट झाली. ती तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मी सांगते.

मंगळवारी फ्रँकफर्टमध्ये माझं जाहीर व्याख्यान होतं. वर्षभरापूर्वी ठरलेलं. पुढे ढकलू या, असं सगळे म्हणाले, पण घरी बसून तरी काय करणार होते? आई शमिकाजवळ थांबली. सुधीर आणि शिवांगी मुद्दाम आले होते. इथल्या मराठी मंडळातले आमचे सगळ्यात जवळचे तेच. यशवंत गेल्यावर पहिले पंधरा दिवस आमचा स्वयंपाक शिवांगीनेच केला. त्यांचा वेदांग शमिकाच्या वर्गात आहे.

व्याख्यान नीट झालं. तोंडपाठच होतं. शेवटी प्रश्न. एक म्हातारे गृहस्थ उठले, नेहमी येतात, सभ्य आहेत. त्यांनी विचारलं की गाव सोडून शहरात आलेले हे लोक वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या शेजारी राहिले, त्यांच्यात लग्नं केली, तर समोरच्याला कळलं कसं नाही? एवढं लपवता येतं?

याचं उत्तर माझ्याकडे तयार आहे. दरवर्षी देते. त्याऐवजी मी म्हटलं, “माझा नवरा भारतातल्या चामड्याचं काम करणाऱ्या घरातला होता. मला अकरा वर्षं कळलं नाही. तो मार्चमध्ये गेला, तेव्हा कळलं. लपवणाऱ्याला फार काही करावं लागत नाही. समोरच्याने विचारलं नाही की पुरतं.”

मला काहीच वाटलं नाही. मी पाणी प्यायले आणि पुढचा प्रश्न घेतला.

परत येताना सुधीरच्या गाडीत होतो. मग सुधीर म्हणाला, “ईप्सिता, आम्हाला काही फरक पडत नाही, हे तुला माहीत आहे.”

“हो.”

“पण कशाला बोललीस? तिथे दुसरेही आपले लोक होते.”

“असू देत की.”

“तुझी मनःस्थिती बरी नाही. लोक समजून घेतील.”

“काय समजून घेतील?”

त्याने गिअर बदलला. शिवांगी मागे वळून म्हणाली, “जाऊ दे रे. दमलीये ती.” आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. घर येईपर्यंत काढला नाही.

आप्पा, माझ्या कामात एक नियम आहे. जुन्या नकाशांवर कावातांच्या वस्त्यांची नावं असतात. ती जशीच्या तशी छापायची नाहीत. का, तर तिथे आजही कुणीतरी राहत असतं, त्यांना न विचारता आपण बोट दाखवायचं नाही. मी हे विद्यार्थ्यांना शिकवते. आणि तुम्हाला न विचारता मी बोट दाखवलं. तुम्ही अडवलं होतंत, तरी. तुम्हाला काय वाटेल ते मला समजतं, असं मी म्हणणार नाही.

ईप्सिता


डार्मश्टाट, १५ सप्टेंबर

ती. आप्पा,

तुम्ही फोनवर येत नाही. ताई म्हणतात, “आप्पा बोलायचं न्हाई म्हनत्यात. वीस वर्सं त्यानं सांभाळलं, ह्यांनी एका वाक्यात सांडलं, म्हनत्यात.” बरोबर आहे. मला यावर वाद घालायचा नाही. पोरीच्या मागं हे लावून दिलंत, असंही तुम्ही म्हणालात. तेही मी ऐकलं आहे.

आई जूनच्या शेवटी पुण्याला गेली. भांडण झालं नाही. तिचा व्हिसा संपत होता. विमानतळावर म्हणाली, “पुण्यात मी कुणाला सांगणार नाही. तू काळजी करू नको.” मी म्हटलं, मी काळजी करत नाहीये. तिने माझ्याकडे जरा पाहिलं आणि आत गेली.

गेल्या आठवड्यात गणपती बसले. मंडळाचा गणपती एका शाळेच्या हॉलमध्ये असतो. दरवर्षी आदल्या दिवशी शिवांगीकडे आम्ही पाच-सहा जणी नैवेद्याचे मोदक वळतो. माझी उकड चांगली होते, म्हणून उकड माझ्याकडे असते. यंदा शिवांगीचा मेसेज आला: “तू या वर्षी दगदग करू नकोस. तुझं वर्ष झालं नाही अजून. नुसती आरतीला ये.”

आता हे अगदी बरोबर आहे. घरात कुणी गेलं की वर्षभर सण करत नाहीत. माझी आईसुद्धा हेच म्हणाली असती. पण मंडळात एक बाई आहेत, गेल्या वर्षी जूनमध्ये त्यांचे मिस्टर गेले होते, आणि त्या मोदक वळायला होत्या. त्यांच्या शेजारीच मी बसले होते.

मी तो मेसेज किती वेळा वाचला ते सांगत नाही. काळजी आहे का? आहे. दुसरं काही आहे का? असेल, नसेल. विचारलं तर ती म्हणेल, काहीतरीच काय! आणि ते खरंही असेल. मला कधीच कळणार नाही. आरतीला गेले. प्रसाद हातावर ठेवताना प्रत्येकीकडे बघत होते. कुणाचा हात वरून आला, कुणी द्रोणात दिला. सगळ्यांनाच द्रोणात देत होते, हे मला घरी आल्यावर आठवलं.

आप्पा, तो मेसेज आल्यापासून पंधरा दिवस मी हे करते आहे आणि थकले आहे. तो पुण्यातल्या त्या खोलीपासून करत होता. घरी येऊन मला सांगू शकत नव्हता, आणि मी त्याला रोज जपानमधलं सांगत होते.

मी तुमची माफी मागितली तर तुम्ही द्याल की नाही, माहीत नाही. पण आता झाकायला काही उरलेलं नाही, म्हणून त्याला इथे ठेवायला मला कारण सापडत नाही. दफनभूमीच्या कार्यालयातून आणि वकिलातीतून कागद मिळाले आहेत. ऑक्टोबरमध्ये शमिकाच्या शाळेला सुट्टी आहे. तेव्हा त्याला घेऊन आम्ही दोघी कोल्हापूरला येतो. शमिकाला सांगितलं. आजोबा आहेत, ते चपला करतात, बाबांनी आणि आजोबांनी मिळून ते आपल्यापासून लपवलं, आणि का लपवलं, तेही. तिने विचारलं, “वारूम?” म्हणजे का. मी म्हटलं, आत्ताच सांगितलं ना. ती म्हणाली, “हो, पण का?” ती मराठी सगळं समजते, बोलते मात्र जर्मन. तुम्ही तिच्याशी तुमचं बोला.

तुम्ही दार उघडलं नाहीत तर आम्ही ओट्यावर बसू. ताईंना त्रास देऊ नका, त्यांनी मला काही शिकवलेलं नाही.

ईप्सिता


डार्मश्टाट, ३ नोव्हेंबर

ती. आप्पा,

सुखरूप पोहोचलो. ताईंनी बांधून दिलेला गूळ कस्टममधून आला.

तुम्ही आम्हाला कोपऱ्यावरूनच पाहिलं होतंत, हे मला शमिकाने नंतर सांगितलं. तुम्ही रिक्षाजवळ येऊन आधी तिच्याकडे बघितलंत, मग माझ्या हातातल्या अस्थींच्या डब्याकडे, आणि म्हणालात, “द्या, जड असंल.” त्यावर मी काय म्हणाले ते मला आठवत नाही. नदीवरून आल्यावर तुम्ही जे म्हणालात ते मात्र आठवतं. “मी रागावलो न्हवतो, पोरी. मी भ्यालो हुतो.” मी तेव्हा मान हलवली. भीती मला समजली, एवढंच सांगायचं होतं, पण ताई चहा घेऊन आल्या.

परत येताना एक रात्र पुण्यात आईकडे राहिलो. आईने दारातच सांगितलं, आधी अंघोळ करून घ्या, मग बसा. अस्थी विसर्जनाहून आलो होतो म्हणून. म्हणूनच असेल. अंघोळ झाल्यावर तिने शमिकाला जवळ घेऊन विचारलं, “आजोबा कसे आहेत गं?” शमिका म्हणाली, “नेट.” म्हणजे छान. आई म्हणाली, “तुझ्या बाबांसारखे दिसतात?” शमिकाने विचार केला आणि पहिल्यांदा मराठीत उत्तर दिलं, “कान.” आई उठून आत गेली. बराच वेळ देवघरात होती. पुण्याहून निघताना तिने तुमचा फोन नंबर माझ्याकडून लिहून घेतला. करेल की नाही, सांगता येत नाही.

काल सुधीरकडे मंडळाचा दिवाळी फराळ होता. मी जाणार नव्हते. शमिकाला वेदांगला भेटायचं होतं. मुलं जमिनीवर बसून चकल्या खात होती, मोठी माणसं टेबलापाशी. सुट्टीत कोण कुठे गेलं ते मुलं एकमेकांना सांगत होती. शमिका जर्मनमध्ये म्हणाली, “माझे आजोबा चपला बनवतात. त्यांच्याकडे असा एक चाकू आहे, अर्ध्या चंद्रासारखा. मला धरू दिला. माझा बाबा लहानपणी करायचा, त्याच्या बोटावर खूण होती ना, ती त्याचीच.” ती खूण मी कित्येक वर्षं पाहिली होती. शाळेत लागलं असं म्हणाला होता. वेदांग म्हणाला, “कूल, खरा चाकू?” टेबलापाशी कुणीतरी म्हणालं, “मुलं काय काहीही बोलतात.” मी म्हटलं, “नाही, खरं आहे ते. तिचे आजोबा कोल्हापूरला असतात, चपला करतात. आम्ही तिकडेच गेलो होतो.” मग चिवडा कुणी केला, फार छान झालाय, वगैरे सुरू झालं.

मी ताटली ठेवायला स्वयंपाकघरात गेले. शिवांगी मागून आली आणि दार लोटून घेतलं.

“तू मोदकांवरून रागावलीस ना?”

मी सवयीने नाही म्हणणार होते. मग म्हटलं, “तू का नको म्हणालीस मला?”

“तुझं वर्ष झालं नव्हतं म्हणून.”

“गेल्या वर्षी माझ्या शेजारी मोदक वळत होत्या, त्यांचंही झालं नव्हतं.”

तिने नळ सोडला, बंद केला. हात कोरडेच होते. मला वाटलं, आता म्हणेल, काहीतरीच काय. ती ओट्याला टेकून उभी राहिली, आणि म्हणाली, “मला माहीत नाही गं. खरंच माहीत नाही. मेसेज करताना मला तुझी काळजीच वाटत होती. पण तेवढंच होतं का? तू विचारल्यावर मला सांगता येत नाही.”

तिचा चेहरा पडला होता. मी तिला धीर दिला नाही. मीही टेकून उभी राहिले. बाहेर मुलं कसल्या तरी कारणावरून ओरडत होती. आम्ही दोघी तशाच उभ्या होतो. आत येऊन सुधीरने चहाचं विचारलं, तेव्हा शिवांगी म्हणाली, “थांब जरा, आम्ही बोलतोय.” आम्ही बोलत नव्हतो.

आप्पा, एवढी वर्षं मी कागदांतून वाचत आले की लोक काय म्हणाले, काय हुकूम निघाले, कुणी कुणाला उंबऱ्याबाहेर ठेवलं. ठेवणाऱ्याने ‘मला माहीत नाही’ म्हटलेलं मला कुठे सापडलं नव्हतं. तिने म्हटलं. मला बरं वाटलं की वाईट, ते अजून ठरत नाही. पण काहीतरी वाटलं. मार्चनंतर तसं झालं नव्हतं.

ट्रॅममध्ये शमिका माझ्या खांद्यावर झोपली. मला वाटलं, घरी गेल्यावर यशवंतला सांगू. म्हणजे, असं सरळ वाटलं, आप्पा, नेहमी वाटायचं तसं: जेवताना सांगू. मग आमचा स्टॉप आला. ती जड झाली आहे आता, उचलवत नाही. तिला हलवून उठवलं, आणि ट्रॅममधून उतरून, फुटपाथवर उभी राहून, मी रडले. खूप मोठ्याने. एक माणूस थांबला आणि काही हवंय का म्हणाला. शमिकाने त्याला जर्मनमध्ये सांगितलं की माझा बाबा गेला आहे, म्हणून आई रडते आहे. तो टोपी काढून उभा राहिला.

हे त्याला सांगायचं होतं. तुम्हाला सांगितलं.

तुमची,
ईप्सिता